डिझेलच्या पलीकडचा सहकार

कोकणातल्या एखाद्या बंदरावर मच्छीमार सहकारी संस्थेचे कार्यालय विचारले, तर बहुतेक वेळा डिझेलच्या पंपाकडे बोट दाखवले जाते. शेजारी बर्फाचा कारखाना, जाळी-दोरांचे दुकान आणि वार्षिक सभेच्या सूचनांनी भरलेला फळा. कोणत्या नौकेने किती लिटर डिझेल उचलले, याची नोंद संस्थेच्या दप्तरात चोख असते, कारण डिझेलवरील कराचा परतावा राज्य सरकारकडून संस्थेमार्फतच सभासदापर्यंत येतो. त्या डिझेलवर नौकेने समुद्रातून काय आणले, किती आणले आणि केवढ्या आकाराचे आणले, याची वही मात्र फार थोड्या संस्थांकडे सापडेल. राज्यातला मासेमारीचा सहकार कुठे थबकला आहे, हे या दोन वह्यांच्या तुलनेतून कळते.

समुद्र पूर्वीसारखा राहिला असता, तर हे कदाचित चालूनही गेले असते. तसा तो राहिलेला नाही. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामान बदलावरील अहवालानुसार, १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंश सेल्सियसने वाढले. जगभरातील समुद्रांची सरासरी वाढ याच काळात ०.७ अंश होती. एक अंश म्हणजे फार काही नाही, असे किनाऱ्यावर उभे राहून वाटते. पाण्याखालचे गणित वेगळे आहे.

वरच्या थरातले पाणी तापले की ते हलके होते आणि खालच्या थंड, पोषक क्षारांनी भरलेल्या पाण्यात सहजी मिसळत नाही. खालचे क्षार वर आले नाहीत की सूक्ष्म वनस्पती-प्लवकांची उपासमार होते. हे प्लवक म्हणजे समुद्रातले गवत. त्यावर जवळा आणि लहान मासे जगतात, त्यांच्यावर मोठे मासे. पश्चिम हिंदी महासागरातील या प्लवकांमध्ये सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. शिवाय कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अरबी समुद्राच्या मधल्या थरांत तर मुळातच प्राणवायूची तीव्र टंचाई असलेला जगातला एक मोठा पट्टा आहे. उष्णतेच्या लाटा जमिनीवर येतात तशा समुद्रातही येतात. १९८२ ते २०१८ या काळात पश्चिम हिंदी महासागरात अशा ६६ लाटांची नोंद झाली आहे.

त्यात वादळांची भर. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, असे याच संस्थेच्या अभ्यासात आढळले. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे अरबी समुद्रात एकाच वेळी घोंघावत होती. ऐन हंगामात नौका बंदरात बांधून ठेवाव्या लागल्या. त्या वर्षी राज्यात २.०१ लाख टन मासळी उतरली. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार हा ४५ वर्षांतला नीचांक होता. पुढच्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने किनारा झोडपला.

मासे यावर आपल्या परीने उपाय शोधतात. ते जागा बदलतात, खोल जातात, अंडी घालण्याचा काळ मागेपुढे करतात. केरळच्या जेवणात भाकरीइतकेच महत्त्व असलेली तारली तिथे २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. कोकणातले तांडेलही वेगळ्या शब्दांत हेच सांगतात: अमुक नक्षत्रात तमुक मासा लागतो, हे वाडवडिलांचे ठोकताळे आता चुकतात.

म्हणून प्रश्न असा की, दर हंगामात बदलणाऱ्या या समुद्रासाठी नियम कोण करणार आणि कोण पाळणार? आजची व्यवस्था मुंबईत ठरणाऱ्या नियमांवर उभी आहे. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, २०१६ चे पर्ससीन जाळ्यांवरील निर्बंध, २०१७ मध्ये केंद्राने घातलेली एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरील बंदी, २०२१ मध्ये वाढवलेले दंड आणि दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ. यातला एकही नियम चुकीचा नाही. पण तारखेवर बांधलेला नियम तापमानाप्रमाणे सरकत नाही. आणि गस्ती नौका किती जरी वाढवल्या, तरी शेकडो बंदरांवर आणि जेट्ट्यांवर पहाटे उतरणाऱ्या प्रत्येक टोपलीत डोकावणे सरकारी अधिकाऱ्यांना शक्य नाही. तिथे रोज हजर असते ती गावातली संस्था.

हे काम संस्था करू शकते का, याचे उत्तर मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्यावरील एका लहानशा बेटाने दिले आहे. बाजा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाजवळच्या इस्ला नातिविदाद या बेटावरील पाणबुड्यांची आणि मच्छीमारांची सहकारी संस्था १९४२ पासून काम करते. ठरावीक सागरी क्षेत्रात शेवंड आणि ॲबलोनी काढण्याचा हक्क सरकारने या संस्थेलाच दिला आहे. ॲबलोनी हा खडकाला चिकटून राहणारा, शंखाच्या जातीचा आणि चढ्या भावाने विकला जाणारा जीव. आपले क्षेत्र आपलेच आहे, ही खात्री असल्याने संस्था स्वतःच्या खर्चाने पहारा ठेवते आणि सभासदांवरही नियम लादते. या भागातील संस्थांच्या शेवंड मासेमारीला २००४ मध्ये शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

२००६ मध्ये या संस्थेने आपल्या हक्काच्या क्षेत्रातले दोन तुकडे आपणहून मासेमारीसाठी बंद केले. कुठल्या खात्याचा आदेश नव्हता. सभासदांचाच निर्णय होता. २००९ आणि २०१० मध्ये प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे घुसले आणि तळाशी चिकटून राहणारे ॲबलोनी मोठ्या संख्येने मेले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी संस्थेच्या पाणबुड्यांबरोबर केलेली पाहणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. राखीव तुकड्यांत ॲबलोनी मेले नाहीत असे नव्हते. पण तिथे मोठ्या आकाराचे, भरपूर अंडी देणारे प्राणी शिल्लक होते. त्यामुळे आपत्तीनंतरही तिथे नवी पिल्ले येत राहिली आणि त्याचा फायदा शेजारच्या खुल्या भागालाही झाला. इतरत्र पिल्लांची संख्या कोसळली.

यातला मुद्दा साधा आहे. त्या बेटावरची संस्था समुद्राचे तापमान कमी करू शकली नाही. कोणतीच संस्था ते करू शकणार नाही. हातात होते ते तिने केले: समुद्रावर संकट येईल तेव्हा त्याच्याकडे थोडी शिल्लक असेल, अशी व्यवस्था. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याची कणगी वेगळी असते आणि कितीही ओढ लागली तरी तिला हात लावत नाहीत, तसेच हे.

पापलेट हा काही खडकाला चिकटून बसणारा प्राणी नाही, हा आक्षेप रास्त आहे. तो आज पालघरसमोर, तर उद्या गुजरातसमोर. ‘मी सोडला तर दुसरा धरणारच, मग मी का सोडू?’ हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक सभेत उठतो आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. हिशेबाने देता येते. जपानच्या सुरुगा उपसागरात साकुराएबी ही गुलाबी रंगाची इवलीशी कोळंबी पकडणारे मच्छीमार गेली अनेक दशके सगळ्या नौकांचे उत्पन्न एकत्र करून वाटून घेतात. शेजारच्या नौकेपेक्षा जास्त पकडून फायदा नसल्याने शर्यतच संपली. भाव पडेल इतकी कोळंबी एकाच दिवशी आणण्याचेही कारण उरले नाही. २०१८ मध्ये कोळंबी घटली, तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी शरद ऋतूतला हंगाम सोडून दिला. तोटा सगळ्यांचा सारखा असला की तो सोसण्याची तयारीही होते.

जगभरातल्या अशा १३० मासेमारी व्यवस्थांचा अभ्यास २०११ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला होता. मच्छीमार आणि सरकार मिळून जिथे समुद्र सांभाळतात, तिथे यश कशामुळे येते, हे त्यात तपासले होते. सर्वांत महत्त्वाचे ठरले ते गावातले विश्वासार्ह नेतृत्व. त्यानंतर आपसातला जिव्हाळा, पकडीवरील मर्यादा आणि राखीव क्षेत्रे. पैसा आणि यंत्रसामग्री या यादीत आघाडीवर नव्हती.

महाराष्ट्राला हे नवे वाटायला नको. साखर, दूध, सूतगिरणी यांतून सहकार या राज्याच्या अंगवळणी पडलेला आहे. किनाऱ्यावरही त्याची मुळे खोल आहेत. पालघर जिल्ह्यातील सातपाटीच्या सहकारी संस्था पापलेटची वजनानुसार प्रतवारी करून सामूहिक विक्री करत आल्या आहेत. भाव आकारावर ठरतो, त्यामुळे कोणत्या वर्षी मोठे पापलेट किती आणि चिंगळे किती, हे तिथल्या वह्याच सांगू शकतात. समुद्राची प्रकृती दाखवणारी अशी नोंद पैशांत मोजता येत नाही. मासेमारी बंदी १ जूनऐवजी १५ मेपासून सुरू करावी, तीही ३१ जुलैपर्यंत नव्हे तर नारळी पौर्णिमेच्या आसपास संपावी, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी जुनीच आहे. विणीच्या काळात मासा सोडला पाहिजे, हे त्यांना कुणी शिकवलेले नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पापलेटला ‘राज्य मासा’ घोषित केले गेले. त्याच सुमारास ५४ जातींसाठी पकडीचा किमान आकार ठरवला गेला: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. १३५ मिलिमीटर म्हणजे अर्ध्या वितीहून जरा अधिक. इतकीच अपेक्षा असतानाही तळहाताएवढे पापलेट बाजारात ढिगाने दिसते. याचे कारण मोजपट्टी कुणाच्या हातात, हे कुणी ठरवलेले नाही. लिलाव जिथे होतो तिथे संस्थेचा काटा आणि संस्थेची पट्टी असेल, लहान मासळीची बोली तिथे लागणारच नसेल आणि हा नियम शेजारच्या दहा बंदरांनाही सारखाच असेल, तर जाळ्याचे आस आपोआप मोठे होतील. विकले जात नाही ते कुणी धरत नाही.

इथे सरकारी अनुदानाची दिशाही तपासायला हवी. डिझेलचा परतावा लिटरवर मिळतो. म्हणजे जो अधिक लांब जातो, मोठे इंजिन चालवतो, त्याला जास्त मदत आणि किनाऱ्याजवळ लहान होडीतून मासे धरणाऱ्याला थोडी किंवा काहीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे, याचे उपग्रहाधारित अंदाज मिळतात. ही उत्तम सेवा आहे. पण मासा कुठे आहे हे सांगायला विज्ञान आणि तिथे पोहोचायला डिझेल, एवढ्यावरच सारा भर राहिला, तर मासा कधी आणि कुठे सोडायचा, हे सांगणार कोण? मदतीचा काही भाग लिटरऐवजी शिस्तीला जोडता येईल. जी संस्था पकडीची नोंद ठेवते, किमान आकार पाळते, खाडीच्या मुखाशी पिल्लांच्या वाढीचे क्षेत्र हंगामापुरते बंद ठेवते, तिला अधिक मदत. वादळाच्या इशाऱ्यामुळे नौका परत फिरली की डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च नाखव्याच्या अंगावर पडतो आणि खलाशाची मजुरी बुडते. इशाऱ्याच्या दिवसांवर थेट भरपाई देणारा निधी संस्थांच्या पातळीवर उभा राहिला, तर जीव धोक्यात घालून जाळे टाकण्याचा मोहही कमी होईल. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीसारख्या सवलती येणार असतील, तर शेतीसारखीच नुकसानभरपाईची शिस्तही यावी.

सहकाराचे गोडवे गाताना त्याची दुखणी झाकून चालणार नाही. अनेक संस्थांची सूत्रे मोठ्या नौकांच्या मालकांकडे आहेत. पर्ससीन नौकेचा मालक आणि डोल जाळे लावणारा एकाच सभेत बसले, तर कुणाचा आवाज चढा असेल, हे सांगायला नको. नौकेवर राबणारे खलाशी, ज्यांत नेपाळपासून उत्तर भारतापर्यंतचे स्थलांतरित आहेत, ते सभासद नसतात. मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायका या धंद्याचा अर्धा भार उचलतात, पण संचालक मंडळात त्या बहुधा राखीव जागेपुरत्या दिसतात. निवडणूक आली की पॅनेल, गट आणि पक्ष. साखर कारखान्यांनी जे पाहिले, ते बंदरावरही आहे. समुद्राचा निर्णय संस्थेने घ्यायचा, तर आधी ‘संस्था म्हणजे कोण’ याचे उत्तर बदलावे लागेल. जे या समुद्रावर पोट भरतात, त्या सगळ्यांना मत, हीच त्याची पहिली अट.

दुसरी अट सरकारने पाळायची आहे. अधिकाराशिवाय जबाबदारी कुणी घेत नाही. परप्रांतीय ट्रॉलर किंवा एलईडी नौका किनाऱ्याजवळ येऊन एका रात्रीत मासळी खरवडून नेत असेल, तर गावाने पाळलेली बंदी हा खुळेपणाच ठरतो. राज्याच्या अखत्यारीतील १२ सागरी मैलांच्या पट्ट्यात संस्थांना देखरेखीचा कायदेशीर वाटा हवा, त्यांच्या तक्रारीवर ठरावीक मुदतीत कारवाई हवी आणि गुजरात, गोवा, कर्नाटक यांच्याशी बंदीचा काळ आणि मासळीचा किमान आकार यांवर एकवाक्यता हवी. पाच वर्षांत देशभरात दोन लाख नव्या प्राथमिक पतसंस्था, दूध संस्था आणि मत्स्य संस्था काढण्याचा निर्णय केंद्राने २०२३ मध्ये घेतला आहे. या आकड्यात भर पडावी म्हणून आणखी चार शिक्के आणि चार पाट्या तयार होणार असतील, तर समुद्राला त्याचा काही उपयोग नाही. असलेल्या संस्थांना नवे काम देणे अधिक कठीण आहे आणि अधिक गरजेचे.

हा प्रश्न फक्त कोळीवाड्यांचा नाही, तो ताटाचाही आहे. चांगली प्रथिने, हृदयाला आणि मेंदूला उपयोगी ओमेगा-३ मेदाम्ले, काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या मांदेली-जवळ्यातले कॅल्शियम हे सगळे किनाऱ्यावरच्या गरीब घराला आजवर स्वस्तात मिळत आले. मासळी घटली की आधी पापलेट-सुरमई निर्यातीला आणि हॉटेलांना जाते, मग बोंबीलही महागतो आणि शेवटी या घरातले पोषण कमी होते. अपरिपक्व मासळीचा मोठा भाग माणसांच्या पोटातही जात नाही, तो कोंबड्यांच्या आणि शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यासाठी दळला जातो. उद्याचे हजारांचे पापलेट आज किलोवर कवडीमोल भावाने दळायला देणे, हा कोणत्याही हिशेबात बसणारा व्यवहार नाही.

मांदेली लहानच असते, ती जरूर खावी. पण चिमुकले पापलेट, वीतभर सुरमई म्हणजे वाढण्याआधीच धरलेले पिल्लू, हा फरक गिऱ्हाइकाने ओळखला आणि ते घ्यायचे नाकारले, तर त्याचा निरोप बाजारातून बंदरावर पोहोचायला वेळ लागत नाही. तो निरोप ऐकायला मात्र तिथे कुणीतरी असले पाहिजे. डिझेलच्या वहीशेजारी मासळीची वही उघडायला फार पैसा लागत नाही. एक इमानी कारकून, एक काटा, एक मोजपट्टी आणि सभेने एकमताने केलेला एक ठराव पुरेसा आहे. अरबी समुद्र किती तापणार, हे या किनाऱ्यावर ठरणार नाही. तो तापत असताना त्यात बियाण्यापुरता मासा शिल्लक ठेवायचा की नाही, हे मात्र इथेच ठरणार आहे आणि ते ठरवण्यासाठी लागणारी संस्था प्रत्येक बंदरावर आधीपासूनच उभी आहे.